दोन्ही आळ्या जिंकल्या

थोरल्या आळीत घरं कमी आणि धाकट्या आळीत जास्त. तरी नावं बदलायचं कुणी काढत नव्हतं, कारण त्यासाठी दोन्ही आळ्यांना एका जागी बसावं लागलं असतं. माणिकपूरहून सायकलने जरा पुढे गेलं की या दोघी लागतात, आणि दोघींच्या मधे एक भातशेत. पावसाळ्यात त्यात भात व्हायचा आणि नाताळ सरला की फुटबॉल. बेटीला भात बरा वाटायचा. त्यातून शेवटी काहीतरी हाती तरी लागायचं.

शेताच्या एका टोकाला नरहरीकाकांची केळीची वाडी, दुसऱ्या टोकाला क्रूस. दोन्हीकडे बांबूचे गोल उभे करायचे आणि नाताळानंतरच्या रविवारी दोन्ही आळ्यांनी एकमेकींची वर्षभराची उट्टी काढायची, असा रिवाज. या सामन्यात मध्यंतरानंतर बाजू बदलत नसत. पूर्वी बदलायचे म्हणे. पण बाजू बदलताना दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध समोरासमोर यायचे, आणि तेवढ्या वाटेत अशी जुंपायची की पुढचा खेळ खेळायला धड माणसं उरायची नाहीत. भांडण सोडवण्यापेक्षा बाजू न बदलणं सोपं, असं कुणा जाणत्याने ठरवलं. तेव्हापासून थोरली आळी केळीकडे गोल मारायची आणि धाकटी क्रूसाकडे. सामन्यातच नाही, सरावातसुद्धा. थोरल्या आळीतलं पोर चालायला लागलं की त्याच्या पायाशी चेंडू ठेवून त्याचं तोंड केळीकडे करून देत.

रेफ्रीही दोन असत, प्रत्येक आळीचा एक. प्रत्येकाकडे आपली शिट्टी, आणि प्रत्येकाला फाऊल दिसायचे ते फक्त समोरच्या आळीचे.

आणि बायका? त्या सामन्याला जात नसत. त्या दिवशी त्या चुलीपुढे. वडे तळायचे, मटण शिजवायचं आणि संध्याकाळी धुळीने माखून घरी आलेल्या पुरुषांच्या तोंडून निकाल ऐकायचा. निकाल नेहमी चांगलाच असायचा.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशीच्या त्या नाताळात, या सगळ्यात दोन माणसं नव्याने घुसली. एक फादर रॉबर्ट, सेमिनरीतून नुकतेच आलेले, कोवळे, चष्मेवाले, आणि झग्याच्या खिशात फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक बाळगणारे. ‘रेफ्री एकच असतो आणि तो मी,’ असं त्यांनी मिस्सा संपल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. देवळात उलट कोण बोलणार?

दुसरी बेटी. तिचं वय पंधरा, इयत्ता दहावी. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘मौनाचे महत्त्व’ या विषयावर ती इतकं बोलली होती की परीक्षकांनी घंटा वाजवून वाजवून शेवटी तिला पहिला नंबर देऊन टाकला. तेव्हापासून तिची मान जी ताठ झाली ती आईला वेणी घालतानाही वाकवता येईना.

फादरनीच सुचवलं, “यंदा लाउडस्पीकर लावू या. बेटी कॉमेंट्री करेल.”

बेटीचे बाबा, बॅप्टिस्ट, थोरल्या आळीच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष होते. मुलीचा कप त्यांनी स्वतः कपाटात पुढे मांडून ठेवला होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. घरी आल्यावर मात्र त्यांनी तिला समोर उभं केलं.

“हे बघ बाय. आपल्या टीमबद्दल एक जरी वाकडा शब्द निघाला, तर माईक सेबॅस्टियनकडे. आणि मग परत माईकचं नाव काढायचं नाही. ना सणाला, ना नाटकाला, कधीच नाही.”

“पण बाबा, जर टीमच वाकडी खेळली...”

“पुरे!”

हा ‘पुरे’ बेटीच्या चांगलाच ओळखीचा होता. घरात तिचं एकही वाक्य आजवर शेवटपर्यंत पोचलेलं नव्हतं. अर्ध्या वाटेत बाबांचा ‘पुरे’ यायचा, नाहीतर आजीचा ‘गप गो’, नाहीतर दुधाला उतू जायचं असायचं. माईकचं वेगळं होतं. माईकवरच्या माणसाला पुरे म्हणायचं तर आधी त्याच्याइतका मोठा आवाज हवा. म्हणून बेटीला तो माईक हवा होता. दहावीच्या मार्कांपेक्षा जास्त हवा होता, पण हे घरी कोण सांगणार?

सेबॅस्टियन तिचा चुलतभाऊ. त्याला एकच विशेषण येत होतं, ‘अप्रतिम’. मागे एका मयतीला दोन शब्द बोलायला त्याला उभं केलं तर त्याने मयताचं आजारपणही अप्रतिम ठरवलं. तो बेटीच्या शेजारी खुर्ची टाकून बसला, हात मांडीवर ठेवून, तळवा वर. माईक कधीही पडला तर झेलता यावा म्हणून.

नालासोपाऱ्याहून तुळशीदास आपली लाउडस्पीकरची मशीन घेऊन आला. तो माडावर चढला आणि एक कर्णा थोरल्या आळीकडे तोंड करून बांधला, दुसरा धाकट्या आळीकडे.

“मैदानाकडे एक बांध की,” बॅप्टिस्ट म्हणाले.

“मैदानातल्यांना दिसतंय ना? मग त्यांना कशाला ऐकवायचं?” तुळशीदास वरूनच म्हणाला. “मला दोन्ही आळ्यांतली लग्नं मिळवायचीयत, शेठ.”

कर्ण्यांच्या या दिशांचा पुढे कुणी विचार केला नाही. पुरुषांच्या डोक्यात तेव्हा फक्त फुटबॉल होता.

पहिला अर्धा खेळ अगदी परंपरेप्रमाणे झाला. थोरल्या आळीचा हिरो रुडॉल्फ. तो मुंबईत कुठल्याशा कंपनीत होता, कंपनीच्या टीमकडून खेळायचा असं तो स्वतः सांगायचा, आणि चेंडू आला की आधी केसांवरून हात फिरवायचा. तोवर चेंडू गेलेला असायचा. धाकट्या आळीचा आल्बर्ट अंगाने दांडगा. त्याला चेंडू दिसला की तो धावायचा, आणि मधे कोण आहे हे त्याला नंतर, त्याला उठवताना कळायचं.

“रुडॉल्फने केस सावरले आहेत,” बेटी माईकवर सांगत होती. “केस छान दिसत आहेत. चेंडू आल्बर्टकडे गेला आहे. आल्बर्टने चेंडू मारला, चेंडू जागेवरच आहे, चप्पल मात्र... माफ करा, बूट, बूट क्रूसापाशी गेला आहे.”

“अप्रतिम म्हण,” सेबॅस्टियन कुजबुजला.

बॅप्टिस्टनी लांबून बोट दाखवलं. बेटीने घाईने भर घातली, “रुडॉल्फचे केस अप्रतिम आहेत.” हा वाकडा शब्द धरायचा की सरळ, हे बाबांना ठरवता येईना. तेवढ्यात मध्यंतर झालं. शून्य-शून्य.

फादर रॉबर्टनी खिशातून पुस्तक काढलं. “आता बाजू बदला.”

बावीसही जण आधी केळीकडे बघायला लागले, मग क्रूसाकडे.

“बाजू म्हणजे?” रुडॉल्फने विचारलं.

“तुम्ही तिकडे, ते इकडे.”

“फादर, आम्ही केळीकडेच मारतो,” बॅप्टिस्ट समजुतीच्या सुरात म्हणाले. “माझे आजोबा केळीकडे मारायचे.”

“आमचे क्रूसाकडे,” धाकट्या आळीचे म्हणाले. दोन्ही आळ्या एका मुद्द्यावर एक झाल्याचं बेटीने जन्मात पहिल्यांदाच पाहिलं.

पण पुस्तकात छापलेलं होतं, आणि पुस्तक फादरांच्या हातात होतं. मारामारी नको म्हणून फादरनी एका संघाला विहिरीच्या अंगाने नेलं आणि दुसऱ्याला बांधावरून. गोलकीपरांना दंडाला धरून आपापल्या नव्या गोलात उभं केलं. थोरल्या आळीचा गोलकीपर व्हिन्सेंट आता केळीकडे पाठ करून उभा राहिला आणि नव्या घरी आलेल्या नवरीसारखा इकडेतिकडे बघायला लागला.

खेळ सुरू झाला. बेटीलाही आता गंमत वाटायला लागली होती. आवाज तापला होता, शब्द आपोआप येत होते. मधोमध गर्दी झाली, धूळ उडाली, आणि त्या धुळीतून चेंडूसकट कोण बाहेर पडावं? रुडॉल्फ!

“रुडॉल्फ! चेंडू रुडॉल्फकडे! आणि रुडॉल्फने या वेळी केसांना हात लावलेला नाही!”

कर्ण्यातून आपलं नाव ऐकलं आणि रुडॉल्फच्या अंगात वारं शिरलं. तो वळला. लहानपणापासून जिकडे वळत आला होता तिकडेच वळला, आणि सुटला.

“रुडॉल्फ केळीकडे! रुडॉल्फ एकटाच! त्याला कुणी अडवत नाही! धाकटी आळी बाजूला होते आहे, वाट देते आहे, काय ही भीती!”

धाकट्या आळीचे खेळाडू खरंच बाजूला होत होते. एकाने तर देवळात म्हाताऱ्यांना देतात तशी हाताने वाट दाखवली. पुढे व्हिन्सेंट. आपला माणूस आपल्याकडे येतोय, बहुधा चेंडू हातात द्यायला येतोय, असं समजून तो दोन्ही हात पसरून प्रेमाने उभा होता. रुडॉल्फने जन्मात मारला नव्हता असा फटका मारला.

“गोऽऽऽल!”

थोरली आळी नाचली. बॅप्टिस्टनी शेजारच्याला उचललं. टोप्या उडाल्या, एक तर विहिरीत गेली. आणि बेटीने पाहिलं तर पलीकडे धाकटी आळीही नाचत होती. एकच गोल, आणि दोन्ही आळ्या नाचतायत! असं सुख त्या शेताने कधी पाहिलं नव्हतं. ते सुख थोडा वेळच टिकलं. आधी व्हिन्सेंट जाळ्याकडे बघत राहिला, मग फादरनी शिट्टी वाजवून धाकट्या आळीकडे हात केला, आणि मग थोरल्या आळीचे पाय एकामागून एक जमिनीवर आले.

बेटीच्या तोंडाशी माईक होता. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ओरडताना तीही विसरली होती, हे तिला आता कळत होतं आणि कान गरम झाले होते. सेबॅस्टियनचा तळवा वर आला.

आता काय म्हणायचं? ‘चेंडू जाळ्यात गेला आहे’ एवढं म्हणून थांबता आलं असतं. बाबा खूश झाले असते. पण अर्धं वाक्य! ते तर घरीही बोलता येत होतं.

“गोल थोरल्या आळीच्या रुडॉल्फचा,” ती म्हणाली, आणि तिने वाक्य पुरं केलं, “थोरल्या आळीवरच. धाकटी आळी एक, थोरली आळी शून्य. मीही फसले होते, पण मी निदान चेंडू मारला नाही.”

दूर, माडापलीकडे, आळीतून कुणीतरी मोठ्याने हसलं. बाईचा आवाज होता. मग दुसऱ्या आळीतूनही हसणं आलं. बॅप्टिस्ट चमकले. त्यांनी वर, कर्ण्यांच्या तोंडांकडे पाहिलं.

“हे घरी ऐकू जातंय?”

“स्वच्छ,” तुळशीदास अभिमानाने म्हणाला. “पार वाड्यांपर्यंत.”

बॅप्टिस्ट माईककडे निघाले, चेहरा लाल, हात पुढे. “पुरे! दे इकडे तो...”

त्याच क्षणी मैदानात आल्बर्टला चेंडू मिळाला. धाकटी आळी अजून हसत होती आणि आल्बर्ट सगळ्यांत जास्त. हसता हसताच रुडॉल्फला दाखवायला त्याने केसांवरून हात फिरवला, छाती काढली आणि दौड मारली. क्रूसाकडे.

बेटीने या वेळी पहिल्या पावलालाच ओळखलं. क्रूसाच्या गोलात आता धाकट्या आळीचाच गोलकीपर होता. तिने तोंड उघडलं. आणि पुढे आलेला बाबांचा हात मधेच थांबला. मग तो मागे गेला. मग त्याने हळूच खूण केली : बोल, बोल.

“आल्बर्ट,” बेटी म्हणाली. ती फक्त जे दिसत होतं ते सांगत होती. “आल्बर्ट क्रूसाकडे. थोरली आळी बाजूला झाली आहे. सगळे वाट देत आहेत. व्हिन्सेंट केळीकडून टाळ्या वाजवतो आहे.”

आल्बर्टचा गोलकीपर हातवारे करत ओरडत होता, पण आल्बर्टला वाटलं तो घाबरलाय. गोलकीपर घाबरला की आल्बर्टला चेव यायचा. त्याने चेंडूही घातला आणि गोलकीपरही घातला, दोघं एकदमच जाळ्यात.

“एक-एक,” बेटी म्हणाली. “आल्बर्टने रुडॉल्फची बरोबरी केली आहे. सगळ्याच बाबतीत.”

त्यानंतर कुणी चेंडूला पाय लावायलाच तयार होईना. ज्याच्याकडे चेंडू येई तो आधी थांबून चहूकडे बघे, केळी कुठे, क्रूस कुठे, आपण कोण. फादरनी शेवटची शिट्टी वाजवली तेव्हा चेंडू मधोमध एकटाच पडला होता आणि बावीस जण त्याच्यापासून अंतर राखून उभे होते.

खरा सामना मग सुरू झाला.

“दोन-शून्य!” बॅप्टिस्ट गरजले. “पहिला गोल आमच्या रुडॉल्फने मारला, म्हणजे आमचा. दुसरा त्यांच्या जाळ्यात गेला, म्हणजे आमचा!”

“दोन-शून्यच!” धाकट्या आळीचे ओरडले. “पहिला तुमच्या जाळ्यात, म्हणजे आमचा. दुसरा आमच्या आल्बर्टचा, म्हणजे आमचा!”

फादर पुस्तकाची पानं उलटत होते. असं घडू शकतं, हे पुस्तक छापणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं.

बॅप्टिस्टनी बेटीच्या हातातून माईक ओढला आणि सेबॅस्टियनच्या तळव्यावर ठेवला. “सांग!”

“अप्रतिम!” सेबॅस्टियन म्हणाला. “थोरली आळी दोन-शून्य!”

लगेच धाकट्या आळीच्या एकाने तो हिसकावला. “खोटं! धाकटी आळी दोन-शून्य!”

मग माईक इतक्या हातांतून फिरला की कर्ण्यांतून नुसतं “दोन... शून्य... सोड... माझा शर्ट... शून्य...” एवढंच ऐकू येत राहिलं. तुळशीदास “माझी वायर, माझी वायर” करत त्यांच्यामागे धावत होता. बेटी रिकाम्या हाताने खुर्चीत बसून होती. ओठ दाताखाली धरून. रडायचं नाही असं ठरवलं की नाक कसं झिणझिणतं, तसं झिणझिणत होतं. कधीच नाही, म्हणाले होते बाबा. आणि बाबा अशा बाबतीत शब्द पाळायचे.

तेवढ्यात बांधावरून बायका आल्या.

पुढे धाकट्या आळीची उर्सुला मावशी, हाताला पीठ, हातात झारा. थोरल्या आळीकडून बेटीची आई, अँजेलिना, पदर खोचलेला. मागे दोन्हीकडच्या जमतील तेवढ्या. वड्यांचा वास त्यांच्याबरोबरच आला आणि बावीस खेळाडूंनी एकदम नाक वर केलं.

“काय चाललंय?” उर्सुला मावशीने झारा नाचवला. “पोरगी एक-एक म्हणाली. मग हा अप्रतिमवाला काहीतरी बरळला. मग आमचा म्हातारा. एका सामन्याचे किती निकाल रे तुमचे?”

“उर्सुला, यातलं तुला कळायचं नाही,” तिचा नवरा म्हणाला. “आम्ही जिंकलोय. नेहमीप्रमाणे.”

“नेहमीप्रमाणे?” बेटीच्या आईने मान वर केली. “नेहमी तर आम्ही जिंकतो.”

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

“गेल्या वर्षी?” उर्सुला मावशीने हळूच विचारलं.

“तीन-एक. आम्ही. आमच्यांनी तीनदा गोष्ट सांगितली, जेवताना.”

“आमच्यांनीही तीन-एकच सांगितलं. आम्ही.”

“त्याच्या आदल्या वर्षी?”

“आम्ही.”

“आम्हीही!”

“बाजारात तू म्हणायचीस जिंकलो जिंकलो,” आई म्हणाली, “आणि मी घरी येऊन म्हणायचे, किती गो खोटारडी ही उर्सुला.”

“आणि मी तुला चर्चमधे बघून क्रूस करायचे. म्हटलं, कम्युनियन घेऊन ही बाई अशी थापा मारते!”

बायकांमधे हसू पसरत गेलं. बॅप्टिस्टना अचानक आपल्या बुटाच्या नाडीत गाठ दिसली. रुडॉल्फ केसांवरून हात फिरवत राहिला, दुसरं काही सुचेना म्हणून. पण बायकांचं हसू जसं आलं तसं थांबलं. उर्सुला मावशी नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

“तीस वर्षं,” ती म्हणाली, आणि आता ती हसत नव्हती, “मी तुझ्या जिंकण्याचे वडे तळतेय.”

तो झाऱ्यापासून एक पाऊल मागे सरकला. माईक फिरत फिरत पुन्हा सेबॅस्टियनच्या हातात आला होता. तो म्हणाला, “अप्र...” आणि बेटीच्या आईने नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने माईक बेटीच्या मांडीवर असा ठेवला, जणू तो तापलेला होता.

“बेटी, पहिल्यापासून सांग गो,” आई बांधावर बसत म्हणाली. “आधीचं फोडणीच्या आवाजात ऐकू नाही आलं.”

बाकीच्या बायकाही बसल्या. पाय पसरून, ऐसपैस. खेळाडूंनी घराकडे पाय वळवले, तर उर्सुला मावशी म्हणाली, “कुठे? घरी कोणी नाही. झाकणं बंद आहेत. उभे राहा, तुम्हीही ऐका, तुम्हालाही कळू दे काय झालं ते.”

बावीस जण आणि दोन आळ्यांचे सगळे कर्ते पुरुष उन्हात उभे राहिले. तुळशीदासने वायर जोडली. कर्णे खरखरले. बेटीने नाक पुसलं, वेणी मागे टाकली आणि माईक उचलला.

बॅप्टिस्ट तिच्याजवळ सरकले. आवाज अगदी मऊ, तिने घरात कधी न ऐकलेला.

“बाय,” ते म्हणाले, “जरा थोडक्यात सांग हां.”

बेटीने घसा साफ केला. थोडक्यात सांगायची तिची अजिबात इच्छा नव्हती. तिने सुरुवात रुडॉल्फच्या केसांपासून केली, आणि ऊन उतरेपर्यंत ती अजून मध्यंतरापर्यंतही पोचली नव्हती.